अदलाबदलीच्या तक्त्यातले बाण उलटे आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या क्रीडा पानावर फुटबॉलमधल्या खेळाडूंच्या गाजलेल्या अदलाबदलींचा तक्ता छापला आहे. कमावणाऱ्याला हिरवा बाण, गमावणाऱ्याला लाल. छपाई सुरेख, रंगही उठून दिसतात. फक्त बार्सिलोनाचा आर्थर आणि युव्हेंटसचा मिरालेम प्यानिच यांच्या सौद्यासमोर बार्सिलोनाला 1 कोटी 20 लाख युरोंचा नफा, युव्हेंटसला तरुण खेळाडू आणि दोघांनाही हिरवा बाण, हे कोणत्या हिशेबाने दिलं ते कळलं तर बरं होईल.

आर्थर 7 कोटी 20 लाखांना गेला, प्यानिच 6 कोटींना आला. बोनसच्या अटी वेगळ्या. यातून तुम्ही काढलेले 1 कोटी 20 लाख ही वजाबाकी चौथीतला मुलगाही करेल. पण तो नफा नव्हे. तो दोन क्लबांमधल्या देण्याघेण्यातला फरक, आणि अशा रकमा हप्त्याहप्त्याने चुकत्या होतात. नफा निघाला तो हिशेबाच्या वह्यांमध्ये. आर्थरला बार्सिलोनाने 2018 मध्ये ब्राझीलच्या ग्रेमिओ क्लबाकडून 3 कोटी 10 लाखांना घेतलं होतं, करार सहा वर्षांचा. खेळाडूसाठी मोजलेली रक्कम एकदम खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांवर घसाऱ्यासारखी वाटली जाते. आर्थरचे वर्षाला साधारण 52 लाख. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत, म्हणजे वहीत अजून खर्ची न पडलेली रक्कम, उरली 2 कोटींच्या थोडी वर. तो 7 कोटी 20 लाखांना विकला की बाकीचे पाच कोटी त्याच दिवशी नफ्यात. तिकडे 2016 मध्ये रोमाकडून 3 कोटी 20 लाखांना आणलेल्या प्यानिचच्या विक्रीतून सुमारे 4 कोटी 18 लाखांचा फायदा झाल्याचं युव्हेंटसने स्वतःच जाहीर केलं. थोडक्यात, इकडून तिकडे गेले 1 कोटी 20 लाख आणि दोन ताळेबंदांत मिळून नफा उमटला नऊ कोटींच्या वर. तक्त्यात याचा मागमूस नाही.

तारीखही तुम्ही गाळलीत, आणि सगळी मेख तिथेच आहे. घोषणा झाली 29 जून 2020 रोजी. दोन्ही क्लबांचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं. कोविडमुळे स्टेडियम रिकामी, तिकीटविक्री बंद, आणि बार्सिलोना हा सभासदांच्या मालकीचा क्लब. तोटा वाढला तर संचालकांना वैयक्तिक हमीतून झळ बसू शकत होती. अशा वेळी मिडफिल्डर कोण येतोय यापेक्षा वर्षअखेरीचा आकडा काय दिसतोय याला महत्त्व येतं. 23 वर्षांचा खेळाडू देऊन 30 वर्षांचा घेण्यामागे फुटबॉलचा दुसरा कोणता तर्क होता, हे तुमच्या स्तंभलेखकांनी जरूर समजावून सांगावं.

आणि हे आजचं मरण उद्यावर ढकलणंच होतं. प्यानिचचा करार चार वर्षांचा, म्हणजे बार्सिलोनाच्या वहीत वर्षाला दीड कोटींचा घसारा. आर्थरचा पाच वर्षांचा, युव्हेंटसला वर्षाला 1 कोटी 44 लाख. पगार निराळा. ला लिगा या स्पेनच्या लीगच्या खर्चमर्यादेत पगार आणि घसारा दोन्ही मोजतात. खेळाडू बाकावर बसला तरी आकडा हलत नाही. दुसऱ्या क्लबाकडे उसना पाठवला तर पगाराचा काही भाग सुटतो, घसारा मात्र राहतो. करार मध्येच मोडला तर उरलेली पुस्तकी किंमत एकरकमी तोट्यात जाते. ऑगस्ट 2021 मध्ये याच मर्यादेपायी बार्सिलोनाला मेसीची नोंदणी करता आली नाही. मेसी प्यानिचमुळे गेला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण ज्या वहीत त्याच्यासाठी जागा उरली नव्हती तिच्यातली एक ओळ प्यानिचची होती.

मैदानावर तर आनंदीआनंदच. सौदा ठरला तेव्हा बार्सिलोनाचे प्रशिक्षक होते सेतिएन आणि युव्हेंटसचे सार्री. खेळाडूंनी हंगाम संपेपर्यंत आपापल्या जुन्या क्लबात थांबायचं होतं. आर्थर ब्राझीलहून परतलाच नाही. तो हंगाम संपता संपता ऑगस्टमध्ये सार्री गेले, बायर्नकडून 8–2 असा मार खाल्ल्यावर सेतिएनही गेले. नवे खेळाडू अंगात जर्सी घालण्याआधीच ते ज्यांच्या हाताखाली खेळणार होते ते दोघेही घरी! प्यानिचला बार्सिलोनाने एका हंगामानंतर तुर्कस्तानच्या बेशिक्तास क्लबाकडे उसना दिला आणि 2022 मध्ये तो यूएईतल्या शारजा क्लबाला गेला. आर्थरला युव्हेंटसने त्याच वर्षी लिव्हरपूलकडे उसना पाठवला. तिथे मुख्य संघाकडून तो खेळला एकूण 13 मिनिटं, नापोलीविरुद्ध, 4–1 अशा पराभवात. दोन्ही बाण लाल हवेत. हिरवा द्यायचाच असेल तर 30 जूनचा ताळेबंद सादर करणाऱ्यांना द्या.

आर्सेनलचा सांचेझ आणि मँचेस्टर युनायटेडचा मखितार्यान यांच्या अदलाबदलीतही तीच गत. मखितार्यान चमकला नाही म्हणून आर्सेनलला लाल बाण दिलात. जानेवारी 2018 मध्ये सांचेझच्या कराराचे उरले होते पाच-सहा महिने. जूननंतर तो फुकट गेला असता आणि आर्सेनलच्या हाती शून्य आलं असतं. त्यापेक्षा एक खेळाडू मिळाला, हे वाईट कसं? मँचेस्टर युनायटेडला मात्र बिनपैशांचा सौदा म्हणून हिरवा बाण. ट्रान्स्फरची रक्कम नव्हती हे खरं, पण साडेचार वर्षांच्या कराराचा जबर पगार कुणाच्या माथी होता? 45 सामन्यांत 5 गोल केल्यावर सांचेझला इटलीच्या इंटर क्लबाकडे आधी उसना आणि मग फुकट द्यावा लागला. जुन्या कराराची किती वर्षं उरली आहेत आणि नव्याची किती, पगार कोण देणार, पुस्तकी किंमत काय, एवढ्या चार रकान्यांशिवाय असला तक्ता करू नये. इंटरला एटो आणि वर कोट्यवधी युरो देऊन इब्राहिमोविच आणणाऱ्या बार्सिलोनाला 2009 च्या सौद्यात लाल बाण दिलात, तेवढा बरोबर आहे. इंटरने पुढच्याच वर्षी त्यांना उपांत्य फेरीत हरवून चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर तो चुकणं अवघडच होतं म्हणा.

खरे लाभार्थी तर तुमच्या तक्त्यात आलेच नाहीत. आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फरमधून फिफाच्या नियमाप्रमाणे 5 टक्के रक्कम कापून खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटली जाते. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा. प्यानिच लहानपणी लक्झेंबर्गच्या शिफ्लांज या छोट्या क्लबात खेळला. 6 कोटींचा पाव टक्का म्हणजे एका हंगामामागे दीड लाख युरो. मेत्झ आणि ल्यों या फ्रान्समधल्या क्लबांचा वाटा निराळा. आर्थरमागे ग्रेमिओचा हक्क होताच. हिरवा बाण शोभला असता तो यांना.

हे गोव्यातल्या वृत्तपत्राने तरी लिहायला हवं. दवर्लीचा लिस्टन कुलासो साळगावकर, एफसी गोवा, हैदराबाद करत 2021 मध्ये एटीके मोहन बागानला गेला, तेव्हा मोठी रक्कम म्हणून मथळा झाला. त्यातला छदाम तरी त्याला घडवणाऱ्या पहिल्या क्लबाकडे आला का, हे कुणी विचारलं नाही. क्लब देशातला आणि खेळाडूही देशातला असेल तर फिफाची ही वाटणी आपोआप लागू होत नाही. म्हणून तर विचारायचं. साळगावकर आणि धेंपोसारखे क्लब 2016 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हाही आपल्या पानावर युरोपातल्या अफवांना जागा कमी पडली नव्हती.

जाता जाता, गोवा प्रोफेशनल लीगचे निकाल आपण एका ओळीत उरकता. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला, काही नाही. युरोपचा तक्ता अर्धं पान खातो. त्यातला दोन बोटं कोपरा धुळेर आणि वास्कोच्या मैदानांवर गोल करणाऱ्यांच्या नावांना देता येईल का? आणि गेल्या आठवड्यातला तो 0–0 चा सामना 1–0 असा छापला होता, त्याची दुरुस्ती अजून आलेली नाही.

आपला,
एक वाचक, म्हापसा