गोष्ट ऐकायला वयाची अट नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात गेली अकरा वर्षे दर शनिवारी संध्याकाळी मी गोष्ट सांगते. गेल्या महिन्यात जवळच्या एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी आठवड्याला एक तास मागायला गेले असता, गोष्टींचा तास आता डिजिटल फळ्यावर होतो आणि पाचवीच्या पुढच्या मुलांना गोष्टींची तशी गरजही राहत नाही, असे मला तेथे मोठ्या आदराने सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या मनात उपेक्षा नव्हती, म्हणूनच ते बोलणे मला अधिक लागले. गोष्ट म्हणजे लहान मुलांना भरवताना किंवा निजवताना उपयोगी पडणारी वस्तू, आणि ती माणसाने सांगितली काय किंवा यंत्राने ऐकवली काय, फरक पडत नाही, या दोन समजुती आपल्याकडे चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांतही रुळल्या आहेत. त्या दोन्ही मला चुकीच्या वाटतात, आणि त्याविषयी आपल्या वाचकांपुढे काही मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

श्रावणातल्या रविवारी सांगतात ती आदित्यराणूबाईची कहाणी अनेकांनी हातात अक्षता धरून ऐकली असेल. ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाला दिलेली, एक प्रधानाला. बाप मुलींच्या घरी जातो आणि मला कहाणी सांगायची आहे, ती ऐक, असे म्हणतो. राणीला वेळ नसतो, कारण राजा पारधीला निघालेला असतो. प्रधानाची बायको मात्र ऐकते. पुढे राणीवर दारिद्र्य ओढवते, बहिणीकडून ती तोच वसा घेते, आणि परतीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला तिला कहाणी ऐकणारे माणूस शोधावे लागते. गावात कोणी उपाशी आहे का याचा डांगोरा पिटला जातो, तेव्हा मोळीविक्या सापडतो, मग विहीर आटलेला माळी, मग मुलाच्या दुःखात बसलेली म्हातारी, आणि शेवटी हात ना पाय असा एक जीव. यांत खेळकर बाळगोपाळ कोणी नाही. सगळी राबणारी, थकलेली, पोटाच्या विवंचनेतली माणसे आहेत, आणि मोळीविक्या तर कहाणी ऐकून माझे पोट भरेल का, असे रोखठोक विचारतो. राणी सहा मोती घेते, तीन त्याच्या हातावर ठेवते, तीन स्वतःजवळ ठेवते, मग मनोभावे सांगते आणि तो चित्तभावे ऐकतो. सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे माप सारखे असावे, हे ज्या कुणा बाईने ही कहाणी प्रथम रचली तिला पक्के ठाऊक होते. धर्माचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मी या कहाणीकडे गोष्ट सांगण्याच्या रीतीचे शास्त्र म्हणून पाहते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शनिवारच्या बैठकीत हीच कहाणी सांगताना माळ्याच्या विहिरीपाशी आले आणि मोट कोरडीच वर येऊ लागली, असे पदरचे वाक्य बोलून गेले. पुढे सतरंजीवर बसलेल्या तिसरीतल्या मुलीने विचारले, “मोट म्हणजे काय?” चामड्याची मोठी पिशवी, एवढे सांगून मी पुढे सरकणार होते. तेवढ्यात भिंतीला टेकून बसणारे ब्याऐंशी वर्षांचे एक आजोबा, जे वर्तमानपत्र चाळण्यापलीकडे तोवर कोणाशी फारसे बोलले नव्हते, ते उठले. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाची मोट केली, त्याचे एक टोक लांब ओढून सोंड केली, दाराच्या पायरीला विहिरीचा काठ ठरवले आणि दोन मुलांना बैल म्हणून उभे केले. जाड दोर तो नाडा, सोंडेला बांधलेला बारीक तो सोंदूर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेवरून, उतरत गेले की मोट वर येते, सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, पडते, पाणी पाटाने मळ्यात जाते, आणि मग बैल मागल्या पावलांनी पुन्हा वर येतात. “बैल उलटे चालतात?” मुलीने विचारले. “चालतात की. शिकवलं की चालतात,” आजोबा म्हणाले. आपण दहा वर्षांचे असताना बैल उतरू लागले की वजन पडावे म्हणून नाड्यावर बसायचो, हे त्यांनी सांगितले आणि पायरीवर बसून दाखवलेही. माळ्याच्या विहिरीला पाणी त्या शनिवारी काही आले नाही, कारण कहाणी तिथेच राहिली. पण तिसरीतल्या मुलीला थारोळे हा शब्द मिळाला, आणि ज्या माणसाला घरी आणि बाहेर कोणी काही विचारत नव्हते त्याला वीसेक माणसे कानांत प्राण आणून ऐकत होती. फळ्यावर हीच गोष्ट लावली असती, तर मोट या शब्दापाशी ती थांबली नसती, आणि आजोबाही भिंतीशीच बसून राहिले असते.

वेगवेगळ्या वयाची माणसे एकाच गोष्टीतून वेगवेगळे काय घेतात, हे सांगणाऱ्याला समोरच्या चेहऱ्यांवरून कळते. चार वर्षांच्या मुलाला नवी गोष्ट नकोच असते, त्याला कालचीच, त्याच शब्दांत हवी असते. चिमणी दार उघडत नाही, थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते, असे ती म्हणत राहते. एकदा घाईत माझ्याकडून तीट सुटली, तर एक चिमुरडा रडवेला होऊन उभा राहिला आणि “तीट राहिली” म्हणाला. मला मागे जाऊन तीट लावावी लागली. पुढे काय येणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे आणि ते तसेच आले, याचा त्या वयातला आनंद मोठ्यांना सहसा आठवत नाही. भाषा अंगी मुरते ती याच आवर्तनातून, असे माझे अनुभवाचे मत आहे.

सगळ्यांत अवघड श्रोता असतो तेरा-चौदा वर्षांचा. ही मुले आत येत नाहीत. धाकट्या भावंडांना घेऊन जायला आलो आहोत असे दाखवत, मोबाइल चाळत, ती दारात उभी राहतात. एका पावसाळी संध्याकाळी वीज गेली, आणि एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकांनी, शेवटची फेरी संपवून शेतातून घरी येताना त्यांना चकवा लागला ती हकीकत सांगायला घेतली. दिवा दिसतो आहे, वाट पायाखालची आहे, आणि तरी पुन्हा पुन्हा तोच बांध आणि तेच बाभळीचे झाड. अर्ध्या हकीकतीला दारातली सगळी मुले आत येऊन बसली होती. वीज आली तेव्हा एका मुलाने विचारले, “काका, तुम्ही घाबरला होता?” ते म्हणाले, “घाबरलो होतो. रडलोही होतो.” चाळीस वर्षे घाटात गाडी चालवलेला माणूस रडलो म्हणतो, आणि त्याने कोणी हसत नाही, हे त्या मुलांनी त्या दिवशी पाहिले. त्या वयाच्या मुलांना वडीलधाऱ्या माणसांकडून उपदेश पुष्कळ मिळतो. असे काही क्वचितच ऐकायला मिळते. मुलांना न्यायला आलेले, हातात हेल्मेट धरून मागे उभे असलेले पालकही त्या संध्याकाळी घरी जायला निघाले नव्हते.

एका बैठकीत सर्व वयांना धरून ठेवण्याची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. नारदीय कीर्तनाची घडणच पाहा. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण चालते, तेव्हा पोरे आईच्या मांडीवर पेंगत असतात आणि वृद्ध माना डोलावत असतात. मग नामाचा गजर होतो, बुक्का लागतो, पेंगणारे जागे होतात, आणि उत्तररंगात आख्यान उभे राहिले की तीच पोरे डोळे विस्फारून पुढे सरकतात. कीर्तनकार श्रोत्यांत मुले अधिक आहेत की जाणती माणसे, हे पाहून जागच्या जागी आख्यान लांबवतो किंवा आवरते घेतो. गाडगे महाराज तर श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवत आणि त्या उत्तरावर कीर्तन पुढे नेत. अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या हजारोंच्या समुदायाशी त्यांनी असा संवाद साधला. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून त्यातला प्रसंग गाऊन सांगतात, आणि त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार हे तिघे लेखक व्यासपीठावरून कथा सांगत, तेव्हा ज्यांनी त्यांचे एक पान वाचले नव्हते तेही खळखळून हसत, हे माझ्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहे. यांपैकी कोणत्याही ठिकाणी तुम्ही कितव्या इयत्तेत आहात, असे दारात विचारले जात नव्हते.

मी यंत्राच्या विरोधात नाही. माझी एक मैत्रीण दर रविवारी सकाळी अमेरिकेतल्या नातवाला व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगते, आणि तिला मी जिवंत गोष्टच म्हणेन, कारण नातू “हं” म्हणेपर्यंत ती थांबते, आणि तो गप्प झाला तर झोपलास का, असे विचारते. माझी आजीही “हं म्हण, नाहीतर गोष्ट थांबवीन” असे बजावत असे. गोष्टीला हुंकार लागतो. समोरचा कंटाळला आहे, घाबरला आहे, कुठल्याशा शब्दाला अडखळला आहे, हे ओळखून सांगणारा पुढचे वाक्य बदलतो. ध्वनिमुद्रित गोष्ट कितीही सुरेख असली तरी ती बदलत नाही आणि थांबत नाही. आजारी किंवा एकट्या माणसाला तिची सोबत होते, हे मी मान्य करते. पण शाळेच्या वेळापत्रकातला गोष्टीचा तास तिने भरून काढावा, हे मला मान्य नाही, विशेषतः जिथे समोर शिक्षक उभा आहे आणि त्याला गोष्ट येते.

शाळांविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. कथाकथन स्पर्धांचा मी अनेकदा परीक्षक म्हणून अनुभव घेतला आहे. पालकांनी लिहून दिलेली, पाठ करून घेतलेली गोष्ट, प्रत्येक वाक्याला ठरलेला हात, ठरलेले डोळे, आणि वेळ संपल्याची घंटा. मूल परीक्षकांकडे पाहून बोलते. बाजूला बसलेली मुले आपला क्रमांक कधी येतो याच्या धास्तीत असतात, ती ऐकतच नाहीत. एक मुलगी मध्येच एक ओळ विसरली आणि थिजून उभी राहिली. गोष्ट तिला माहीत होती, पण ती आपल्या शब्दांत सांगता येते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवसापासून मी परीक्षक होणे सोडले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने त्यांच्या नावाची कथामाला उभी राहिली, आणि शाळाशाळांतून मुलांना गोष्टी सांगण्याचे काम तिने नेटाने केले. तेथे गोष्ट ऐकायची होती, तिला गुण द्यायचे नव्हते.

यासाठी वेगळी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे गावोगावी अनुदानित ग्रंथालये आहेत, त्यांच्याकडे सतरंजी आहे, दिवा आहे आणि सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे वृद्ध आहेत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करणाऱ्या या ग्रंथालयांनी वर्षातल्या या दोन दिवसांवर न थांबता आठवड्यातला एक तास गोष्टीला द्यावा, आणि तो बालविभागात न ठेवता मुख्य दालनात, सर्वांसाठी ठेवावा. शासनाने ग्रंथालय चालवण्यासाठी मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानात कथेसाठी थोडी तरतूद करावी, म्हणजे कीर्तनकार, गोंधळी, चित्रकथी यांना बोलावता येईल आणि त्यांना मानधन देता येईल. नारळ आणि शाल यांवर कलावंताचे घर चालत नाही. एका तासासाठी सांगणाऱ्यांची वाण पडेल, अशी शंका काही ग्रंथपाल माझ्याजवळ बोलून दाखवतात. आमच्याकडे अकरा वर्षांपूर्वी मी एकटी सांगत होते, आज नऊ जण सांगतात, आणि मोटेवाले आजोबा त्यांत आहेत.

आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत रोज कीर्तन, प्रवचन आणि व्याख्यानांच्या वेळा छापल्या जातात. गोष्ट सांगण्याच्या बैठकांची माहिती कोणी पाठवल्यास ती त्याच रकान्यात, व्याख्यानांच्या शेजारी छापावी, लहान मुलांच्या पानावर टाकू नये. आमच्या ग्रंथालयाचा मजकूर सोबत पाठवत आहे. वेळ शनिवारी संध्याकाळी सहाची आहे, आणि “वयोगट” या शब्दापुढची जागा मी मुद्दाम कोरी ठेवली आहे; कृपया ती तशीच छापावी.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षिका आणि ग्रंथालय कार्यकर्ती
जि. सातारा