बोट क्लबची जेट्टी : किती टन पेलते एवढेच विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयीन बोट क्लबसाठी तरंगती जेट्टी घ्यायची ठरली की दरपत्रकात बहुधा दोनच आकडे मागितले जातात : किती चौरस मीटर आणि किती टन. सहलीच्या मोटरबोटीत माणसे चढवायला तेवढे पुरते. वल्ह्यांच्या शर्यती नावांचे गणित निराळे आहे आणि ते निविदेत न उतरल्यामुळे पैसे खर्चूनही मुले चिखलातूनच नाव पाण्यात लोटत राहतात.

पहिला प्रश्न उंचीचा. शर्यती नावेचा रिगर, म्हणजे वल्हे अडकवायची चौकट, बाजूला हातभर बाहेर असतो आणि पाण्यापासून फार वर नसतो. नाव धक्क्याला लागली की रिगर आणि वल्हे फळ्यांवरून सरकले पाहिजेत. त्यासाठी जेट्टीचा माथा पाण्यापासून १५ सेंमीच्या आसपास हवा, २० म्हणजे अगदी शेवटची मर्यादा. बाजारात सर्रास मिळणारे ५० बाय ५० बाय ४० सेंमीचे प्लास्टिकचे चौकोनी ठोकळे जोडले तर रिकाम्या जेट्टीचा माथा पस्तीसेक सेंमी वर राहतो. रिगर कडेवर टेकतो, नाव पलीकडे कलते आणि नवखा मुलगा थेट नदीत. ठोकळे घ्यायचेच तर कमी उंचीचे घ्यावेत. निळ्या पिंपांचा स्वस्त मार्ग तर आणखी फसवा. २०० लिटरचे पिंप सुमारे ५८ सेंमी व्यासाचे असते. त्यावर सांगाडा आणि फळ्या ठेवून माथा १५ सेंमीवर आणायचा तर पिंप जवळजवळ पूर्ण बुडवावे लागते. शिवाय ते गोल असल्याने वरच्या भागात प्रत्येक सेंमीला मिळणारा उचल (पाण्याचा वर ढकलणारा जोर) कमी कमी होत जातो, म्हणजे गरज असते तेव्हाच तो संपतो.

त्यापेक्षा उथळ, रुंद फ्लोट (तरंगते डबे) घ्यावेत : एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या कवचात फोम भरलेले, २० सेंमी उंचीचे. उघडा थर्मोकोल नको, तो उंदीर कुरतडतात आणि पेट्रोल सांडले तर विरघळतो. सांगाडा फ्लोटच्या डोक्यावर न ठेवता दोन फ्लोटच्या मधल्या जागेत बसवावा, म्हणजे उंची वाया जात नाही.

दुसरा प्रश्न कडेचा, आणि खरी गोम इथेच आहे. आठ जणांची नाव साधारण १७-१८ मीटर लांब, म्हणून जेट्टी १८ बाय ३ मीटरची धरू. तिचे स्वतःचे वजन तीन टन. एकूण ३६ चौरस मीटर फ्लोट असतील तर ती रिकामी असताना ८ सेंमीच्या वर थोडी बुडते. आठ वल्हेकरी, कॉक्स (सुकाणू सांभाळणारा) आणि नाव मिळून सुमारे ८०० किलो. हे वजन मधोमध आले तर जेट्टी दोन-सव्वादोन सेंमीच खचेल. पण मुले नाव उतरवतात ती सगळी एकाच कडेला उभी राहून. फ्लोट दोन्ही कडांना एकेक मीटर रुंदीच्या पट्ट्यांत लावले असतील तर ती कड एकूण सहा सेंमी खाली जाते. तेच फ्लोट मधोमध दोन मीटरच्या पट्ट्यात लावले तर १४ ते १६ सेंमी, म्हणजे पाणी पावलांवर. फ्लोट तेवढेच, खर्च तोच, कागदावरची क्षमताही तीच.

क्षमतेचा आकडा खरा उपयोगी पडतो तो रेगाटाच्या, म्हणजे नौकामेळाव्याच्या दिवशी. वरच्या जेट्टीत राखीव उचल जेमतेम चार टनांचा, म्हणजे ५० माणसे चढली की ती बुडाली. कलण्याचा हिशेब धरून २५ ची मर्यादा ठेवावी आणि टाळ्या वाजवायला येणाऱ्यांना काठावरच थांबवावे.

आता पुण्याची नदी. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुठेबरोबर मुळा-मुठा संगमाच्या वर मुळेतही फुगवटा येतो. मुळशी आणि पवनेचे पाणी मुळेतून येते ते वेगळेच. जेट्टी खांबांना रोलरच्या कड्यांनी अडकवलेली असेल तर खांब पूररेषेहून उंच हवेत, नाहीतर ती वरून निसटून पुढच्या पुलाला जाऊन अडकेल. प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला तरी नुसत्या जेट्टीवर ५०-६० किलोचाच जोर येतो. पण वरच्या अंगाला जलपर्णीचा दहा मीटर रुंद, अर्धा मीटर जाड थर अडकला की हा जोर एक टनावर जातो. साखळ्या तुटतात त्या यामुळे. वरच्या बाजूला तिरका तरंगता अडसर लावावा आणि जेट्टी सहा-सहा मीटरच्या तीन तुकड्यांत करून जूनपूर्वी काठावर ओढून घ्यावी.

बाकी बारीक गोष्टी. जेट्टी प्रवाहाला समांतर असावी, कारण नाव धक्क्याला लावतात ती प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून. जेट्टीच्या नाव लागते त्या कडेला कठडा, खुंटी, वर आलेला बोल्ट काही नको. गुळगुळीत रबरी पट्टी हवी. खरखरीत एफआरपी (फायबरग्लास) जाळी अनवाणी पाय सोलते, तिच्यावर रबरी चटई घालावी. उतारपूल दोन मीटर रुंद हवा. त्याचे वजन ६०० किलो असेल तर निम्मे जेट्टीवर येते, तेव्हा त्या टोकाखाली जादा फ्लोट लागतात. सांगाड्याची सगळी भोके आणि वेल्डिंग गॅल्व्हनायझिंगच्या आधी उरकावे. नंतर साइटवर केलेल्या वेल्डला मैलापाण्यात लवकर गंज धरतो. पाण्यात पडलेल्याला वर येण्यासाठी शिडी मात्र अवश्य, पण ती टोकाला.

शेवटचे बिल देण्याआधी एक चाचणी करावी. वाळूची ५० किलोची १६ पोती कडेपासून ३० सेंमी आत ओळीने मांडायची आणि पट्टी लावायची. पाण्यावर ९ सेंमी कड राहिली तर काम ठीक; सातपेक्षा कमी भरली तर फ्लोट चुकीच्या जागी आहेत, ते ठेकेदाराकडून हलवून घ्यावेत.

आपले,
बोट क्लबांच्या कामाशी संबंधित काही अभियंते, पुणे