बोटीची वेळ आणि ओहोटीची वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नामिबियाच्या किनाऱ्यावर थांबणाऱ्या क्रूझवर लेख आला आहे. फोटो झकास आहेत. नामिबिया म्हटलं की आपल्याला २०२२ मध्ये कुनोत आणलेले आठ चित्तेच आठवतात, त्यामुळे त्या देशाचा समुद्र कुणीतरी दाखवला याचा आनंदच झाला. पण सकाळी उतरायचं, सील, फ्लेमिंगो आणि वाळूचे डोंगर उरकायचे आणि संध्याकाळी बोटीवर जेवायला परत, हा जो बेत लेखात सुचवलाय, तो मी आणि माझ्या पत्नीनं गेल्या वर्षी फेब्रुवारीत करून पाहिला. म्हणून हे पत्र.

मी मुंबईच्या गोदीत एकतीस वर्षं नोकरी केली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या डॉकची दारं भरतीलाच उघडत. जहाज कितीही बड्या मालकाचं असो, पाणी चढेपर्यंत त्यानं बाहेर नांगर टाकून बसायचं. नवा होतो तेव्हा एका कोळी सहकाऱ्यानं शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट करा, मुंबईच्या भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण काम भागतं. तेव्हापासून कॅलेंडर समोर आलं की माझी नजर आधी तिथीवर जाते. बोटीवर सहलींचं पत्रक हातात पडलं तेव्हाही मी तेच शोधलं. किंमत होती, नाश्ता होता, टोपी आणा अशी सूचनाही होती. भरती-ओहोटी कुठेच नव्हती.

केप टाउनहून निघालेली आमची बोट तिसऱ्या दिवशी सकाळी सातला नामिबियाच्या वॉल्विस बे बंदराला लागली. धुकं इतकं दाट की धक्क्यावरच्या क्रेनचे फक्त पाय दिसत होते. वाळवंटात उतरायचं म्हणून सुती सदरे घातलेली मंडळी कुडकुडत परत केबिनकडे पळाली. तिथल्या समुद्रात दक्षिणेकडून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यामुळे हवा खालूनच गार पडते, ढग उंच चढत नाहीत, पाऊस पडत नाही, पडतं ते धुकं. वर्षाचा पाऊस २० मिलिमीटरच्या आत. आमच्या मुलुंडला जुलैत तेवढा चहा उकळेपर्यंत पडतो. पण याच प्रवाहाबरोबर समुद्राच्या तळातलं सत्त्व वर येतं, त्यावर मासे, माशांवर सील आणि पक्षी. किनाऱ्यावर गवताची काडी नाही आणि पाण्यात अन्नछत्र उघडलेलं, असा प्रकार. वाळूच्या माथ्यावर एक काळा भुंगा धुक्याच्या वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली, मागची बाजू वर असा उभा राहतो. पाठीवर जमलेलं दव ओघळत तोंडात येईपर्यंत हलत नाही. हे पहाटे होतं. आमची पहिली जीप धक्क्यावरून साडेआठला सुटली.

(हे बंदर दक्षिण आफ्रिकेनं नामिबियाच्या ताब्यात दिलं १ मार्च १९९४ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर चार वर्षांनी. गोदीतल्या माणसाला यावर तासभर ऐकायला आवडलं असतं. मार्गदर्शकानं एका वाक्यात संपवलं.)

मी सँडविच हार्बरची सहल घेतली होती. बंदराच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर हे खाजण आहे. वाळूचे उंच डोंगर तिथे सरळ समुद्रात उतरतात. डोंगर आणि लाटा यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यावरूनच गाडी जाते, आणि ती पट्टी उघडी पडते ओहोटीला. तिथली भरती मुंबईच्या मानानं किरकोळ, जेमतेम दीड मीटर, पण पट्टीच एवढीशी की तेवढी पुरते. त्या दिवशी ओहोटी होती दुपारी साडेतीनला. बोटीवर परतायची वेळ साडेचार. सहल सकाळची, म्हणजे नेमकी भरतीवर ठेवलेली. गोदीतल्या कुठल्याही पोऱ्यानं हे वेळापत्रक बघून कपाळाला हात लावला असता.

व्हायचं तेच झालं. पट्टी पाण्याखाली होती. एका उंच टेकाडावर चढून लांबून खाजण दाखवलं, चौदा जीपच्या लोकांनी एकाच जागी उभं राहून एकच फोटो काढला आणि आम्ही फिरलो. वाळू सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण बारानंतर दुसरी तुकडी न्यायची असल्यानं घाई सुरू झाली, आणि पुढच्या तीन जीप नेहमीची वाट सोडून खडीच्या मोकळ्या मैदानातून आडव्या गेल्या.

आमचा चालक त्यांच्या मागे वळला आणि लगेच थांबला. डोक्यावर एक छोटासा पांढरा पक्षी कर्कश ओरडत घिरट्या घालत होता, मध्येच काचेवर झेपावत होता. डमारा सुरय, म्हणजे टर्न. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. चालकानं खिडकीतून बोट दाखवलं. मला आधी नुसते खडेच दिसले. मग त्यांतला एक खडा जरा जास्तच गोलसर वाटला. ते अंडं होतं. घरटं नाही, काडी नाही, खळगासुद्धा नावालाच. पुढच्या जीपच्या चाकाची खूण त्याच्यापासून हातभर. चालक एक शब्द न बोलता आपल्याच चाकांच्या खुणांवरून जीप उलटी मागे घेत गेला, पार वाटेपर्यंत.

हा पक्षी एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो. त्याची जगातली जवळजवळ सगळी वीण याच देशाच्या किनाऱ्यावर होते, आणि तीही तिथल्या उन्हाळ्यात. क्रूझचा हंगामही तोच. शिवाय त्या खडीवर उमटलेली चाकोरी पुसायला पाऊस नाही. चाकांच्या खुणा तिथे दशकानुदशकं राहतात. आम्ही साडेचारला बोटीवर चढलो, आमचे माग तिथेच आहेत.

सौभाग्यवतींनी होडीची सहल निवडली होती. तिथले 'पाळीव' सील होड्यांना सरावलेत. मासळीची बादली दिसली की उडी मारून थेट डेकवर येतात, पेलिकन टपावर उतरतात, लोक त्यांच्या गळ्यात हात घालून फोटो काढतात, आणि मग खाली ऑयस्टर आणि थंडगार वाइन. ती घरच्या भाषेत म्हणाली, "माथेरानच्या माकडांना चणे टाकतात ना, तसंच सगळं. फक्त इंग्रजीत." मी त्यावर काही बोललो नाही, कारण माथेरानला चणे मीही टाकलेत.

दुपारी आम्ही कुठलीच सहल घेतली नाही. टॅक्सी करून गावाच्या कडेच्या खाजणाकाठी गेलो. एक पैसा तिकीट नाही. ओहोटी उतरत होती, चिखल उघडा पडत होता आणि फ्लेमिंगो पाण्याच्या कडेबरोबर मागे सरकत चरत होते, मोठे आणि छोटे दोन्ही. पलीकडे मिठागरं, गुलाबी पाण्याची. क्षणभर वाटलं, आपण फ्लेमिंगो बघायला भांडुपच्या पंपिंग स्टेशनलाच उभे आहोत. ही जागा १९९५ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, आपली ठाणे खाडी २०२२ मध्ये आली. दीड तास बाकावर बसलो. सबंध दिवसात जनावरं आपल्या वेळेनं वागताना पाहिली ती तेवढीच.

माझं म्हणणं क्रूझ बंद करा असं नाही. परतीच्या वाटेवर चालक मला म्हणाला, बोट आली की त्याचा गाडीचा हप्ता सुटतो. त्याच्या पोटावर पाय देऊन मी इथे मुलुंडात बसून पर्यावरण वाचवणार नाही. उलट त्यालाच विचारलं असतं तर त्यानं सहल दुपारी ठेवली असती आणि आडवाटेनं जायची वेळच आली नसती. गाडी धीम्यानं चालवायची की दामटायची हे तो ठरवत नाही, बोट सुटायची वेळ ठरवते. बोटीनं तिथे एक रात्र मुक्काम केला तर पहाटेचं धुकं मिळतं, एक ओहोटी हमखास मिळते, गावातल्या खानावळींनाही रात्रीचं गिऱ्हाईक मिळतं. मुक्काम परवडत नसेल तर निदान ज्या दिवशी भरती आडवी येते त्या दिवशी ती सहल विकू नये. आणि मासळीची बादली डेकवर आणूच नये, त्याला तर खर्चही नाही.

हे जमणार नाही असं कुणी सांगू नये. ऐरोलीला आपल्या वन खात्याची फ्लेमिंगो सफारी आहे. तिची वेळ भरती-ओहोटी बघून लागते, रोज बदलते. लोक कुरकुरतात, पण सकाळी सहाची वेळ मिळाली तर सहाला हजर होतात. सरकारी खात्याला जे जमतं ते पंचतारांकित बोटीला का जमू नये? सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतूनच केंद्र सरकारचं क्रूझ पर्यटन वाढवायचं क्रूझ भारत मिशन सुरू झालंय. उद्या आपल्या किनाऱ्यावरही अशाच आठ-दहा तासांच्या सहली विकायला निघतील, तेव्हा ऐरोलीची पद्धत घ्यायची की वॉल्विस बेला आम्ही पाहिलेली, हे आत्ताच विचारलेलं बरं.

आपल्याकडच्या सहल कंपन्यांची माणसं हे पत्र वाचत असतील तर त्यांना एवढंच विचारायचंय, की बोटीवाल्यांशी दर ठरवताना तुम्ही शाकाहारी जेवणाचा आग्रह धरता आणि तो पुरा होतो. तसाच ओहोटीचा धरून पाहिलाय का?

आणि संपादक महाशय, आपल्या अंकात मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा रोज छापून येतात, मी अजून त्या आधी वाचतो. पुढच्या खेपेला अशा सहलीवर लेख छापाल तेव्हा दर आणि जेवणाच्या शेजारी तिथल्या त्या दिवशीच्या ओहोटीची वेळही छापा.

आपला,
गोदीतून निवृत्त झालेला एक वाचक
मुलुंड (पूर्व)