पुलावर त्या रात्री काय झालं, पम्या?

रॉचेस्टर, न्यूयॉर्क
२८ डिसेंबर

प्रिय पम्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. "निवांत बोलू" म्हणून दोनदा फोन ठेवला आणि तो निवांतपणा काही आला नाही. रागावला असशील तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच आणि उत्तर लिही. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवू नकोस. आम्ही सगळे बरे आहोत. माझी शुगर गोळीवर आहे, नीताची पाठ अधूनमधून धरते, एवढंच.

दादा-वहिनींना विमानतळावर तूच सोडलंस, त्यामुळे ते इथे आलेत हे सांगायची गरज नाही. दादाला पहिल्याच आठवड्यात गुडघाभर बर्फ बघायला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी खाली येतो तर हा माझे बूट घालून, कानाला मफलर गुंडाळून फावड्यानं दारातला बर्फ ओढतोय. आपला झाला, मग शेजारच्या म्हाताऱ्याचाही केला. तो म्हातारा आता रोज खिडकीतून दादाला हात करतो. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नाही, पण पंधरा-पंधरा मिनिटं बोलत उभे असतात.

ईशानं सुट्टीसाठी फ्रीजवर यादी लावली होती, रोज रात्री जेवणं झाली की एक ख्रिसमसचा सिनेमा. यादीत तिसऱ्या नंबरला काय होतं सांगू? तुझा 'डाय हार्ड'. आठवतंय ना, भाड्याचा व्हीसीआर, रूमवर चौदा जण, आणि सिनेमा संपल्यावर तू उभा राहून जाहीर केलंस की हा ख्रिसमसचा सिनेमा आहे. त्यावरून आपण दोन दिवस मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो. पुढे मला कळलं की तो १९८८ च्या जुलैमध्ये लागला होता, तर तुला मुद्दाम एसटीडीवरून फोन करून ऐकवलं होतं, मिनिटाला किती पैसे पडतात याचा विचार न करता. आता ऐक. 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' म्हणजे सांताक्लॉज खरा की खोटा याचा कोर्टात निकाल लावणारा सिनेमा, त्याहून जास्त ख्रिसमसचा काय असणार? तो १९४७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर लावला होता. उन्हाळ्यात लोक जास्त सिनेमे बघतात असं स्टुडिओच्या प्रमुखाचं म्हणणं होतं, म्हणून जाहिरातीत ख्रिसमसचं नावसुद्धा येऊ दिलं नाही. तेव्हा माझा जुलैचा मुद्दा गेला. बायकोला भेटायला ख्रिसमसला विमानानं आलेला माणूस, तिच्या ऑफिसची पार्टी, ते सगळं ख्रिसमसचंच आहे. तू जिंकलास. दादालाही आवडला. काचांवरून अनवाणी पळतो तिथे त्यानं स्वतःचे पाय वर घेतले.

'होम अलोन'ला तर तो पोट धरून हसला. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "त्या चोरांचं जाऊ दे. ती आई विमान मिळंना म्हणून वाजंत्रीवाल्यांच्या गाडीत बसून रात्रभर येती, तेवढंच ध्यानात राहिलं." तेव्हाच मला काहीतरी लागलं होतं, पण मी ते बाजूला ठेवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते.

२४ ला रात्री इथे एनबीसी चॅनलवर 'इट्स अ वंडरफुल लाइफ' लागतो. दरवर्षी. १९४६ चा काळापांढरा सिनेमा, फ्रँक काप्राचा. तू पाहिला नसशील तर पाहा, मी वाट बघतो. लागला तेव्हा खर्चसुद्धा नीट निघाला नव्हता. १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, त्यामुळे टीव्हीवाल्यांना फुकटात मिळाला आणि डिसेंबरभर सगळीकडे तोच दिसू लागला. अशा रीतीनं लोकांचा लाडका झाला. हे दादाला सांगितलं तर त्याला फार गंमत वाटली. "म्हणजे एक पावती रिन्यू करायची राहिली आणि कल्याण झालं," म्हणाला. कारकुनी चुकीनं कुणाचं भलं झाल्याचं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असेल.

पम्या, मी हा सिनेमा इथे आल्यापासून सात-आठ वेळा पाहिलाय. दरवेळी रडलोय. पण दादाशेजारी बसून पाहिल्यावर कळलं की मी तो कधी पाहिलाच नव्हता.

जॉर्ज बेली नावाचा माणूस. त्याला गाव सोडून जग बघायचं असतं, बॅग घेऊन ठेवलेली असते. बाप अचानक जातो आणि बापाची संस्था याच्या गळ्यात पडते. बिल्डिंग अँड लोन म्हणतात, म्हणजे आपली पतसंस्थाच. गावातल्या लोकांच्या ठेवी, गावातल्याच लोकांना घरासाठी कर्ज. शिकायचे पैसे तो धाकट्या भावाला देतो. भाऊ शिकतो, लग्न करतो, सासऱ्याकडे चांगल्या नोकरीला लागतो, आणि जॉर्ज तिथेच राहतो. माझ्या फीचं मी तुला काय सांगू, सोनाराकडे दादाबरोबर तूच गेला होतास.

आणि मग जॉर्जच्या लग्नाच्या दिवशी गावात अफवा उठते, लोक पळत येतात, दाराशी झुंबड. दादा तोपर्यंत सोफ्यावर रेलून बसला होता. तिथे तो पुढे सरकला. मी मधूनमधून मराठीत सांगत होतो, तर हातानं थांबवलं मला. "समजतंय," म्हणाला. जॉर्ज काउंटरवर उभा राहून लोकांना समजावतो की तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीत, ते याच्या घरात आहेत, त्याच्या घरात आहेत. दादाचे ओठ हलत होते, पम्या. त्याच्या पतसंस्थेच्या दाराशी गर्दी झाली त्या आठवड्यात त्यानं हेच सांगितलं होतं ना? की पैसे इथं नाहीत, ते अमक्याच्या ठिबकमध्ये आहेत, तमक्याच्या म्हशीत आहेत, थोडे दिवस द्या? तू तिथे होतास. मी नव्हतो. बँकेतल्या ठेवीला विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, हे अर्ध्या गावाला त्याच आठवड्यात कळलं होतं, असं तू मला फोनवर सांगितलं होतंस आणि मी "अरे बापरे" म्हणालो होतो.

जॉर्जची बायको मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर काउंटरवर धरते. तिथे वहिनींनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या. काचेच्या आहेत त्या. तुझं लक्ष कधीच गेलं असेल, माझं परवा गेलं. मग एकेक जण पुढे येतो. पहिला हट्टानं सगळे २४२ डॉलर मागतो. मग कुणी वीसमध्ये भागवतो, आणि एक म्हातारी साडेसतराच द्या म्हणते. जॉर्ज तिचा मुका घेतो. दादा एवढंच म्हणाला, "आमच्याकडं होती एक. पिग्मीची. तीनशे द्या म्हणाली, बाकीचं राहू दे तुला." कोण रे ती?

संध्याकाळी संस्थेत दोनच डॉलर उरतात आणि ही मंडळी त्यावर नाचतात. ईशा हसली, आम्ही कुणीच हसलो नाही.

पुढची गोष्ट तुला थोडक्यात सांगतो. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी काकाच्या हातून संस्थेचे आठ हजार हरवतात, ते गावातल्या बड्या सावकाराच्या हाती लागतात आणि तो गप्प बसतो. जॉर्ज रात्री पुलावर जातो, खाली नदी, वर बर्फ. तिथे एक म्हातारा देवदूत याला वाचवतो. अजून पंख न मिळालेला. पंख मिळाले की कुठेतरी घंटा वाजते असं त्यांच्यात म्हणतात. बर्फ बघून दादानं विचारलं, खरा आहे का? आता फावडं मारणारा माणूस तो, त्याला शंका येणारच. मी सांगितलं, भर उन्हाळ्यात शूटिंग झालंय, आग विझवायच्या फेसात साबण-पाणी घालून तो बर्फ केलाय. त्याआधी सिनेमात पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकायचे, ते पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर भरावे लागायचे. या नव्या बर्फासाठी स्टुडिओला ऑस्करवाल्यांनी तांत्रिक बक्षीसही दिलं. दादा टीव्हीकडे बघत म्हणाला, "म्हणून त्याला घाम आलाय. मला वाटलं भ्यालाय."

शेवटी सगळं गाव नोटा घेऊन घरात येतं, टेबलावर ढीग होतो. आणि भाऊ येतो. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या सत्काराची मेजवानी चालू असते, ती टाकून बर्फाच्या वादळात विमान उडवत येतो आणि थोरल्या भावाच्या नावानं पेला उंचावतो. मी दरवर्षी इथेच रडायचो. परवा नाही रडलो. मी दादाकडे बघू शकलो नाही.

मी तेव्हा का आलो नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. मी पैसे पाठवले होते. रोज फोन करत होतो. ऑफिसात नवी सिस्टीम चालू व्हायची होती आणि मॅनेजरनं आता गेलास तर बघ म्हणून सांगितलं होतं. नवीन नोकरी, व्हिसाचे कागद अडकलेले. हे सगळं खरं आहे. तरी तिकीट मिळत होतं, पम्या. मी शोधून ठेवलं होतं, घेतलं नाही.

दादा सिनेमा संपल्यावर एवढंच म्हणाला, "त्या सावकाराला काही झालं नाही शेवटी. आठ हजार त्याच्याकडंच राहिले." आणि झोपायला गेला. गंमत बघ, तुझं-माझं कुणाचंच लक्ष जाणार नाही तिथे बरोबर बोट ठेवलं त्यानं.

काल आम्ही सेनेका फॉल्सला गेलो. इथून गाडीनं तासाभराचा रस्ता. सिनेमातलं गाव आमच्यावरूनच घेतलं असं तिथल्या लोकांचं ठाम म्हणणं आहे. डिसेंबरात उत्सव करतात, सिनेमाचं एक छोटं म्युझियमही आहे. कालव्यावर लोखंडी पूल आहे आणि पुलावर एक पाटी आहे, अँटोनिओ वाराकाली नावाच्या इटलीहून आलेल्या तरुणाची. १९१७ मध्ये बुडणाऱ्याला वाचवायला त्यानं उडी मारली आणि तो स्वतः गेला. दादानं ती पाटी एकेक शब्द जुळवत पूर्ण वाचली. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. वहिनी आणि नीता गाडीतच बसल्या होत्या.

परत येताना दुकानातून त्यानं एक पितळी घंटा घेतली, लिंबाएवढी. मला वाटलं नातवासाठी. म्हणाला, "पम्यासाठी." मी म्हणालो, पम्याला कसले पंख देतोस, वजन बघ त्याचं. तो हसला नाही. गाडीच्या दाराला हात लावून म्हणाला, "त्या श्रावणात पम्यानं मला आयर्विन पुलावरनं घरी आणलं. रात्री दीड वाजता. तुला सांगितलं नसंल त्यानं." आणि लगेच, "गाडी चालू कर, वहिनी गारठली."

एवढंच. त्यानंतर घरी येईपर्यंत तो रस्त्यावरच्या बागांकडे बघत होता, द्राक्षं आहेत त्या भागात, सगळी वेल पानझड झालेली. इथे छाटणी कधी करतात, विचारत होता.

मी रात्री झोपलो नाही. श्रावण म्हणजे सांगलीत कृष्णा भरून वाहत असणार. दीड वाजता तो तिथे काय करत होता? नुसता फिरायला गेला होता का? घरी तोंड दाखवायला नको वाटलं असेल, संस्थेतून उशिरा सुटला असेल, झोप येत नसेल. मी कारणं शोधतोय आणि एकेक कारण खोटं पडतंय. आपल्या गल्लीपासून आयर्विन काही वाटेत लागत नाही. आणि तू तिथे कसा? तू त्याच्या पाठी गेला होतास, की योगायोगानं भेटला? तू काय बोललास त्याला? वहिनींना माहीत आहे का? एवढी वर्षं तू माझ्याशी डाय हार्डवरून भांडलास, क्रिकेटवरून भांडलास, माझ्या लग्नातल्या जिलबीवरून भांडलास, आणि हे पोटात ठेवलंस? त्यानं तुला शपथ घातली होती का? मला आधी तुझा भयंकर राग आला. दोन वाजता वाटलं आत्ताच फोन करावा आणि शिव्या द्याव्यात. मग आठवलं की त्या दिवसांत तू मला फोनवर तीनदा म्हणाला होतास, "जमलं तर येऊन जा रे." तीनही वेळा मी तारीख बघतो म्हणालो होतो.

दादाला विचारायची माझी छाती नाही. आज सकाळी तो नेहमीसारखा बर्फ ओढत होता. म्हणून तुला विचारतोय. जे झालं ते तसंच्या तसं लिही, मला सोसेल अशी वळणं देऊ नकोस. आता तो बरा आहे का, तेही सांग. तू त्याला रोज बघतोस. मी वर्षातून वीस दिवस.

तुझ्या पोरीचं बारावीचं कसं चाललंय? काकूंचा गुडघा? अवकाळी पाऊस झाला म्हणून वाचलं, तुझी बाग वाचली का ते कळव.

दादा-वहिनी ९ तारखेला पोचतील. घंटा त्यानं मफलरमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवलीय, चेक-इनमध्ये द्यायला तयार नाही. मी एप्रिलमध्ये येतोय, एकटा. तिकीट आज सकाळी काढलं.

तुझा,
बाळ्या