पणाला काय लावले, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंची एखादी अदलाबदल फसली की संघबांधणी करणाऱ्या जनरल मॅनेजरने जुगार खेळला असे लिहिले जाते, आणि तीच फळली की त्याच्या धाडसाचे गोडवे गायले जातात. आपल्याकडच्या क्रीडा पानांवरही अनेकदा निकाल पाहून विशेषण ठरते. माझ्या मते जोखीम किती मोठी होती यापेक्षा ती घेताना पणाला काय लावले होते, हे आधी पाहायला हवे.

टोरंटो रॅप्टर्सचे उदाहरण घ्यावे. २०१७-१८ च्या हंगामात ५९ सामने जिंकूनही हा संघ बाद फेरीत क्लीव्हलँडकडून ०-४ असा हरला, आणि क्लीव्हलँडकडून बाद होण्याचे हे सलग तिसरे वर्ष होते. त्यानंतर व्यवस्थापनाचे प्रमुख मसाई उजिरी यांनी नऊ हंगाम टोरंटोसाठी खेळलेला, शहराचा लाडका डीमार डीरोझन सॅन अँटोनिओला देऊन कवाय लेनर्ड आणला. मांडीच्या दुखापतीमुळे लेनर्ड आधीच्या हंगामात केवळ नऊ सामने खेळला होता आणि वर्षभरात करारातून मोकळा होऊन तो दुसऱ्या संघात जाऊ शकत होता. निर्णयावर टीका झाली, डीरोझन दुखावला गेला; पण नीट पाहिले तर टोरंटोने भविष्यातील फारसे काही दिले नव्हते. नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील (ड्राफ्ट) पहिल्या फेरीचा एक हक्क गेला, तोही अटीसह. लेनर्ड खेळलाच नसता, तरी कराराचे ओझे वर्षभरात उतरले असते आणि सियाकमसारखे तरुण खेळाडू हाताशी राहिले असते. २०१९ मध्ये संघ विजेता झाला आणि पुढच्याच महिन्यात लेनर्ड निघून गेला, याला मी फसवणूक मानत नाही. तो त्या सौद्याचा ठाऊक असलेला भाग होता.

याच्या अगदी उलट ब्रुकलिन नेट्सने केले. २०१३ मध्ये ३७ वर्षांचा केविन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पीअर्स यांच्यासाठी त्यांनी बोस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीतील हक्क दिले आणि २०१७ च्या हक्काची अदलाबदल करण्याची मुभाही दिली. आमच्याकडे शेतकरी याला बियाणे दळून खाणे म्हणतो. ब्रुकलिनच्या वाट्याला बाद फेरीतील एका मालिकेतला विजय आला (तोही, गंमत म्हणजे, टोरंटोविरुद्धचा), आणि २०१६-१७ मध्ये लीगमधील सर्वांत खराब कामगिरी करूनही (अशा संघाला निवडीत आधी पाळी मिळण्याची शक्यता अधिक असे) त्यांची निवडीतील पहिली पाळी बोस्टनकडे गेली. त्या हक्कांतून जेलन ब्राऊन आणि, एका पुढच्या सौद्यानंतर, जेसन टेटम बोस्टनला मिळाले; २०२४ च्या विजेत्या संघाचे हेच दोघे आधारस्तंभ होते. तो सौदा करणारे ब्रुकलिनचे जनरल मॅनेजर बिली किंग मात्र ब्राऊनची निवड होण्याच्या काही महिने आधीच पदावरून दूर झाले होते.

मला खरी अडचण इथे दिसते. जनरल मॅनेजरची खुर्ची दोन-चार वर्षांची असते आणि त्याने दिलेले हक्क त्यानंतरही देय होत राहतात. लागोपाठच्या दोन आगामी वर्षांचे पहिल्या फेरीतील हक्क देण्यास लीगने मनाई केली आहे, ती १९८० च्या दशकातील क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी अशा हक्कांची उधळपट्टी केल्यामुळेच. तरीही एकाआड एक वर्षांचे हक्क देऊन आणि मधल्या वर्षांच्या अदलाबदलीची मुभा देऊन ही मनाई वळसा घालून पार करता येते.

डॅलसचा फेब्रुवारी २०२५ मधील निर्णय आणखी वेगळा. अंतिम फेरी गाठून वर्षही झाले नसताना २५ वर्षांचा लुका डॉन्चिच देऊन ३१ वर्षांचा, वारंवार जखमी होणारा अँथनी डेव्हिस घेणे, ही टोरंटोसारखी कोंडी फोडण्याची धडपड नव्हती. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी झाला. नोव्हेंबरमध्ये डॅलसचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचे पद गेले. त्याआधी मे महिन्यात निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत १.८ टक्के शक्यता असताना पहिली पाळी मिळून कूपर फ्लॅग हा नवोदित खेळाडू पदरात पडला, त्याचे श्रेय त्या निर्णयाला देता येणार नाही.

म्हणून एक विनंती. अशा सौद्यांची बातमी देताना आलेल्या-गेलेल्या खेळाडूंच्या नावांखाली त्यांच्या करारांची उरलेली मुदत आणि दिलेल्या हक्कांची वर्षेही छापावीत. अंतिम सामन्यांसाठी पहाटे उठणाऱ्या आम्हा वाचकांना तेवढ्या दोन ओळी पुरतील.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, नाशिक