‘डार्क शेड मारा’ हा गळतीवरचा उपाय नव्हे

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
(सातारा गृहप्रकल्प)

विषय: ए विंग, पाचवा मजला – गच्चीतून होणारी गळती, नगरपालिकेच्या पाण्याची न मिळालेली जोडणी आणि जादा घेतलेला जीएसटी.

महोदय,

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवा विभागाशी जे बोलणं झालं, त्यानंतर हे पत्र लिहीत आहे. यापुढे फोन करणार नाही.

गळती कुठून होते हे तुम्हाला सांगायला नको, इमारत तुम्हीच बांधली आहे. पण तुमच्या माणसांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं म्हणून लिहिते. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) केला आहे, पण कठड्यापाशी वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी सिमेंटची गोलाई, मारलेला नाही. कोबा आणि कठडा यांच्यामधल्या फटीत बोट जातं. तिथून पाणी उतरतं आणि पश्चिमेच्या खोलीच्या छतातून माझ्या अंथरुणावर येतं. वॉचमनकडून गच्चीची किल्ली घेऊन गल्लीतल्या एका गवंड्याला वर नेलं, त्याने वाकून पाहिलं आणि लगेच दाखवलं. तुमच्या साइट इंजिनिअरने मात्र खालूनच छताचा फोटो काढला, "नोट केलंय मॅडम" म्हणाला आणि रंगारी पाठवला. रंगाऱ्याने पोपडे खरवडले, पुट्टी भरली, पांढरा हात मारला. पुढच्या जोराच्या पावसात ते सगळं पुट्टीसकट खाली आलं. मग पुन्हा रंगारीच आला. गच्चीवर तुमचा माणूस आजतागायत गेलेला नाही.

आता आजचा फोन. तो सविस्तर लिहिते, कारण ‘प्रशिक्षण व गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं तुमचं यंत्रच आधी सांगतं. रेकॉर्डिंग काढून ऐका. मी एक शब्दही पदरचा घातला असेल तर कळवा.

सुरुवातीला तुमची जाहिरात वाजली, "सह्याद्रीच्या कुशीत, तुमच्या बजेटमध्ये". ती बराच वेळ वाजत राहिली आणि तेवढ्या वेळात मला एक बादली बदलावी लागली. मग एक तरुण आला. फ्लॅट नंबर ऐकल्याबरोबर "हां, बोला काकू" म्हणाला. करारनाम्यावर सही होईपर्यंत मी तुमच्याकडे ‘मॅडम’ होते, किल्ली घेतल्यावर ‘काकू’ झाले. असो. मी गळतीचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "काय आहे ना काकू, तुम्ही डोंगराच्या पायथ्याला घर घेतलंय. पाऊस तर येणारच की."

मी म्हटलं, बाहेरच्या पावसाबद्दल माझी तक्रार नाही, आतल्या पावसाबद्दल आहे.

"महाबळेश्वर साइडला असंच असतं काकू."

मी नोकरीभर शाळेत भूगोल शिकवला आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सातारा शहरात साधारण हजार. मधे पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता आहे. आणि महाबळेश्वरला लोक पावसाळ्याआधी भिंतींना गवताचं आच्छादन बांधतात, पण छतातून पाणी पडलेलं तिथेही कोणी चालवून घेत नाही. एवढं सगळं मी त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "रेट पण बघा ना काकू. पुण्यात एवढ्या पैशात वन बीएचके तरी आला असता का?"

म्हणजे गळती ही स्वस्ताईबरोबर मिळते असं तुमचं म्हणणं. करारनाम्यात मला तसं कलम सापडलं नाही. साताऱ्यात दर कमी आहेत ते इथे जमीन स्वस्त आहे म्हणून. सिमेंट आणि सळई साताऱ्याला वेगळ्या भावाने मिळते असं माझ्या ऐकिवात नाही.

पुढे "एक मिनिट हां" म्हणून त्याने फोन होल्डवर ठेवला असं त्याला वाटलं. बटण दाबलं गेलं नव्हतं. मी ऐकलं, "परत त्या गच्चीवाल्या काकू आहेत रे." कोणीतरी हसलं. मग तो परत आला आणि मोठ्या आपुलकीने म्हणाला, "काकू, एक सजेशन देऊ? सीलिंगला जरा डार्क शेड मारून घ्या. म्हणजे डाग दिसणार नाही."

डार्क शेड. छताला. अडतीस लाखांच्या घरात.

मी नाव विचारलं. नाव द्यायची पॉलिसी नाही असं उत्तर मिळालं. वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं, तर ते साइटवर आहेत. साइट माझ्या खिडकीतून दिसते, तिथे एक कुत्रं सोडलं तर कोणी नव्हतं. फोन ठेवल्यावर लगेच मेसेज आला की आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल.

रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाचा कायदा, २०१६, यातलं कलम १४(३) तुमच्या विधी विभागाला माहीत असेलच. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत किंवा दर्जात दोष निघाला तर विकासकाने तो तीस दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा आहे. ‘फिनिशिंगची वॉरंटी एकच वर्ष’ असं तुमच्या माणसाने मला सांगितलं. तुमच्या वॉरंटी कार्डाने कायदा बदलत नाही.

घरात येणारं पाणी हे असं. नळाला मात्र पाणी नाही. कास तलावाचं पाणी इंग्रजांच्या काळापासून डोंगरउताराने या शहरात येतं. ते माझ्या नळापर्यंत पोचत नाही, कारण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) नाही आणि त्याशिवाय नगरपालिका जोडणी देत नाही. करारनाम्यातली तारीख उलटून वर्ष होत आलं तेव्हा ‘फर्निचरच्या कामासाठी’ अशा पत्रावर किल्ल्या दिल्या, आणि भोगवटा ‘प्रोसेसमध्ये’ आहे तो आजही प्रोसेसमध्येच आहे. टँकरचे पैसे आम्ही भरतो. ते देखभाल खर्चात धरता येत नाहीत का विचारलं, तर तुमचा माणूस म्हणाला, पायथ्याच्या भागात पाण्याचा प्रॉब्लेम असतोच. पाणी आत आलं तरी दोष डोंगराचा, नाही आलं तरी डोंगराचाच!

या डोंगराचे तुम्ही माझ्याकडून पैसे घेतले आहेत. ‘हिल व्ह्यू चार्जेस’ या नावाने सव्वा लाख. अजिंक्यतारा बाराव्या शतकात शिलाहार भोजाने बांधला असं मानतात. किल्ला, त्याखालचा डोंगर आणि पश्चिमेचं यवतेश्वर या सगळ्यात तुमच्या कंपनीने नेमकं काय काम केलं ते मला कळलेलं नाही, तरी मी सव्वा लाख दिले. डोंगराबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तो ठरल्या जागी आहे.

जीएसटीचं पूर्वीही लिहिलं होतं, उत्तर नाही म्हणून परत लिहिते. १ एप्रिल २०१९ पासून महानगराबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र आणि सर्व आकार धरून ४५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या, बांधकाम चालू असलेल्या घराला परवडणारं घर म्हणून १ टक्का जीएसटी आहे. माझं चटईक्षेत्र ६२ चौरस मीटर. किंमत तुमच्या व्ह्यूसकट ३८ लाख. सातारा महानगर नाही, ‘महानगराच्या गोंगाटापासून दूर’ असं तुम्हीच फलकावर छापलं आहे. तरी माझ्याकडून ५ टक्के घेतले: १ लाख ९० हजार. व्हायला हवे होते ३८ हजार. फरक १ लाख ५२ हजार रुपयांचा. हिशेब विभागाचं म्हणणं, सिस्टीम पाचच टक्के घेते. घर बाईच्या नावावर म्हणून सरकारने मला मुद्रांक शुल्कात एक टक्का सोडला, तुम्ही चार टक्के वर लावले.

डोंबिवलीची वन रूम किचन विकून आणि फंडाचे पैसे घालून हे घर घेतलं. मूळच्या जावळीकडच्या आणि मुंबईत नोकरी करून परत यायचं म्हणणाऱ्या माझ्या ओळखीच्या पुष्कळ जणी आहेत. त्यांना मीच तुमचं नाव सांगत होते. एकीने फेज दोनमध्ये बुकिंग करायचं ठरवलं होतं. तिला छताचे फोटो पाठवले आहेत. तिला कुठला शेड सुचवायचा ते तुम्ही ठरवा.

माझ्या मागण्या लेखी आहेत, उत्तरही लेखी हवं. गच्चीचा सांधा फोडून, वाटा मारून, पाणी साठवून चाचणी घ्यावी आणि त्यानंतरच आतलं छत दुरुस्त करावं. त्याआधी रंगारी पाठवू नये, त्याला मी दारातूनच परत पाठवीन. भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज कधी केला आणि तो कशासाठी अडला आहे ते अर्जाच्या प्रतीसह कळवावं. जादा घेतलेला जीएसटी परत करावा. ताबा रखडल्याबद्दल रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे व्याजाचा हिशेब द्यावा. आणि ते रेकॉर्डिंग आपण स्वतः ऐकावं, दुसऱ्या कोणाला ऐकायला सांगू नये.

पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत काम सुरू झालं नाही तर महारेराकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो, आणि मला कागद नीट लावून ठेवायची सवय आहे.

सदनिकाधारक,
ए विंग, पाचवा मजला

सोबत: छताचे व गच्चीच्या सांध्याचे फोटो, करारनाम्याची व ‘फर्निचरच्या कामासाठी’ दिलेल्या पत्राची प्रत, जीएसटीच्या पावत्या, टँकरच्या पावत्या.