पुस्तकाचे प्रस्ताव ई-मेलने स्वीकारावेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी येथील साहित्य संमेलनांच्या निमित्ताने सीमाभागातील ग्रंथव्यवहाराची चर्चा आपल्या स्तंभांतून होत असते. त्या चर्चेत सहसा न येणाऱ्या एका मुद्द्याकडे लक्ष वेधू इच्छितो. वैचारिक किंवा इतिहासविषयक पुस्तक लिहू पाहणाऱ्या येथील माणसाने प्रकाशकाकडे विचारणा केली की ‘संपूर्ण हस्तलिखित पाठवा’ असेच उत्तर बहुधा येते. म्हणजे दोन-तीन वर्षे खपून, टंकलेखन करवून घेऊन, शे-दोनशे पानांचे बाड कुरिअरने पुण्या-मुंबईला पाठवायचे आणि मग विषयच त्यांच्या यादीत बसत नाही, असे कळायचे. पुढचा मार्ग पदरमोडीचा असतो.

इंग्रजी ग्रंथव्यवहारात हा क्रम उलटा आहे. कादंबरी तेवढी तेथेही पूर्ण लिहूनच द्यावी लागते. ललितेतर पुस्तक मात्र बहुधा लिहून होण्याआधी केवळ प्रस्तावावर ठरते. हा प्रस्ताव लेखक ई-मेलने साहित्यिक एजंटकडे पाठवतो. एजंट प्रकाशकाशी बोलणी करतो आणि लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून साधारण १५ टक्के घेतो. प्रामाणिक एजंट वाचण्याचे पैसे मागत नाही. कोणी मागितलेच, तर तेथूनच परत फिरावे.

प्रस्तावात पुस्तकाचा गाभा, वाचक कोण, लेखकाचा परिचय, प्रकरणवार आराखडा आणि एखादे नमुना प्रकरण एवढे असते. याखेरीज एक भाग असतो तो तुलनेचा, आणि आपल्याकडचे लेखक अडखळतील ते तेथेच. ‘या विषयावर आजवर एकही पुस्तक नाही’ हे वाक्य आपण मोठ्या अभिमानाने लिहितो. पण जाणत्या संपादकाला त्यातून एवढेच दिसते की, लेखकाने शोध घेतलेला नाही किंवा या विषयाला वाचक नाही. निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनावर कोणी प्रस्ताव करणार असेल, तर शेतकरी चळवळीवर अलीकडे आलेली चार-पाच पुस्तके त्याने नावानिशी सांगावीत आणि त्यांत काय आले नाही, ते स्वतःच्या हाताशी असलेल्या मुलाखती व कागदपत्रे यांच्या आधारे दाखवावे. परिचयातही शाल-श्रीफळांची यादी नको; हाच विषय लिहिण्याचा अधिकार आपल्याला कशाने आला, तेवढेच हवे. (ही शिस्त आपल्या संमेलनांतील वक्त्यांच्या परिचयालाही लावता आली, तर श्रोते दुवा देतील.)

पाठवण्याच्या रीतीतही पुष्कळ काही अडते. बरेच एजंट पहिल्या ई-मेलसोबतची जोडपत्रे उघडत नाहीत. विचारणापत्र, म्हणजे पुस्तकाची थोडक्यात ओळख करून देणारे पहिले पत्र, ई-मेलच्या मजकुरातच लिहावे लागते, आणि प्रस्ताव सोबत जोडायचा की मागितल्यावर पाठवायचा, हे प्रत्येक एजन्सीच्या नियमांत पाहावे लागते. विषयाच्या ओळीत ‘पुस्तकाबाबत’ असे मोघम न लिहिता पुस्तकाचे नाव आणि प्रकार लिहावा. एकच पत्र वीस जणांचे पत्ते एका ओळीत घालून पाठवले की ते वाचलेच जात नाही. अनेकांकडे एकाच वेळी विचारणा करायला सहसा हरकत नसते, पण पत्र प्रत्येकाला वेगळे हवे. मराठीत आणखी एक विघ्न आहे ते फाँटचे. येथील डीटीपीवाल्याने श्रीलिपीत घडवलेली फाईल समोरच्या संगणकावर तो फाँट नसेल, तर निव्वळ चिन्हांचा कचरा म्हणून उघडते, आणि तो कचरा पाहून संपादक लेखकाला कळवेलच असे नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, करून घ्यावा आणि सोबत पीडीएफही द्यावी.

मराठीत एजंटांची पद्धत रुजलेली नाही आणि ती उद्या रुजेल, असेही मला वाटत नाही. लेखक थेट प्रकाशकाशीच बोलतो, आणि मराठी आवृत्त्यांचा आकार पाहता १५ टक्के देऊन मध्ये तिसरा माणूस पोसणे परवडणारेही नाही. परंतु प्रस्तावाची पद्धत घेण्यासाठी एजंटची गरज नाही. पंधरा-वीस पानांवरून विषयाची जातकुळी आणि लेखकाचा वकूब संपादकाला कळतो; नकार द्यायचाच असेल, तर तो दोन वर्षांच्या श्रमांनंतर न देता आधी दिलेला बरा. ज्यांना प्रकाशकाच्या कचेरीत सहज डोकावता येते, त्या पुण्यातील लेखकांपेक्षा खानापूर-निपाणीच्या लेखकांना याचा उपयोग अधिक आहे.

म्हणून मराठी प्रकाशकांना विनंती अशी की, ललितेतर पुस्तकांचे प्रस्ताव कोणत्या ई-मेल पत्त्यावर, किती पानांत आणि कोणत्या स्वरूपात पाठवावेत, उत्तरासाठी किती आठवडे थांबावे आणि तोवर दुसऱ्या प्रकाशकाकडे विचारणा केलेली चालेल का, हे त्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर स्पष्ट लिहावे. सीमाभागातील संमेलनांच्या आयोजकांनीही एखाद्या परिसंवादाऐवजी एखाद्या कार्यरत संपादकाला बोलावून, येथील लेखकांचे दोन-तीन प्रस्ताव त्याच्याकडून सर्वांसमोर तपासून घ्यावेत.

कळावे.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)